पाणचक्की, ग्रंथालय विभाग

आमच्या कॉलेजच्या आवारात एक पाणचक्की आहे. ती किती जुनी, याबद्दल तीन मतं आहेत. फाटकाशी लावलेल्या फलकाप्रमाणे ती मराठेशाहीतली आहे. रोह्यातल्या काही जाणत्या मंडळींच्या मते ती पोर्तुगीजांची आहे. आणि ज्यांनी ती बांधताना दगड वाहिले त्यांच्या मते ती स्वातंत्र्यानंतर, शेजारून कालवा गेल्यावर बांधली. मी तिथे इतिहास शिकवायला लागले तेव्हा या तिसऱ्या मताला फारसा मान नव्हता, कारण ते मांडणारी माणसं जिवंत होती आणि रोज भेटत होती.

कॉलेज रोह्याच्या थोडं बाहेर, कालव्याच्या काठी. मी पेणला रामवाडीत राहायचे आणि सकाळच्या एस.टी.ने जायचे. पुढे रेल्वे आली, पण वेळा जुळेनात म्हणून बहुतेकदा एस.टी.च. पेणमध्ये घरोघरी तांदळाचे पापड होतात, आणि पिठावरून माणसाची पारख करतात. लग्न होऊन आले तेव्हा माझीही झाली होती. त्यामुळे कॉलेजात चक्की आहे हे कळल्यावर सासूबाईंना माझ्या नोकरीबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

कॉलेज काढणारे गृहस्थ श्रमप्रतिष्ठा मानणारे होते. श्रम ते स्वतः फारसे करत नसत, पण प्रतिष्ठा देण्यात कसूर करत नसत. ते एकदा बद्रीनाथाला गेले आणि तिकडून गंगाजळाऐवजी एक कल्पना घेऊन आले. डोंगरातल्या ओढ्यांवर तिकडे लहान चक्क्या असतात. लाकडी पन्हळीतून पाणी खाली येतं, आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतं, चाकाचा उभा कणा वरच्या दगडाला फिरवतो. विजेचं बिल नाही, डिझेलचा वास नाही. विद्यार्थ्यांनी दळावं, शिकावं, आणि दळता दळता त्यांचं चारित्र्य घडावं अशी योजना होती. पाटबंधारे खात्याने कालव्यातून थोडं पाणी वळवायला ‘प्रात्यक्षिकासाठी’ म्हणून परवानगी दिली.

चाक करायला बोलावला तो धरमतरला मचवे बांधणारा सुतार. त्याने जन्मात चाक केलेलं नव्हतं. मचव्याच्या फळ्यांत भरतात तसा चाकाच्या फटींत त्याने कापूस आणि तेल भरलं आणि चाक कधी बुडणार नाही अशी हमी दिली. चाकाने बुडावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती, पण हमी मिळाली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. दारावरची शिळा मात्र खरोखर जुनी आहे. कुठल्याशा पडक्या देवळाची, कंत्राटदाराला जाता जाता मिळालेली. तिच्यावर एक हत्ती कोरलेला आहे. मराठेशाही आणि पोर्तुगीज हे दोघंही त्या हत्तीवर बसून आले.

उद्घाटन जूनमध्ये ठेवलं, कॉलेजचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं म्हणून. आमच्याकडचा कालवा उन्हाळी भातासाठी असतो. मेअखेर तो बंद होतो आणि दिवाळीनंतर सुटतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण समितीत शेंबडं पोर नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी आभाळातून पाणी कोसळत होतं, नदी दुथडी वाहत होती, आणि चक्कीच्या पन्हळीत टिपूस नव्हतं. शेवटी विद्यार्थ्यांची रांग लावून हंड्यांनी पन्हळीत पाणी ओतलं. चाक दीड फेरा फिरलं. टाळ्या झाल्या. तेव्हापासून, जिथे चार महिने अंगावर शेवाळ येईल इतका पाऊस पडतो अशा मुलखात, आमची पाण्यावरची चक्की पावसाळाभर पाण्यावाचून बंद असते.

हे सगळं मला मामांनी सांगितलं. कॉलेजात शिपायांना मामा म्हणतात, पण हे खास मामा. त्या सुताराचे चुलतभाऊ. त्याच्या हाताखाली आले आणि चक्कीवरच राहिले. धरमतर खाडीकाठच्या मिठागरातलं घर. भरतीचं पाणी अडवायचं आणि ओहोटीला सोडायचं, त्या उघाडीच्या फळ्या लहानपणापासून हाताळलेल्या, म्हणून पन्हळीच्या फळीवर त्यांचा हात लगेच बसला. सोमवारी पेणच्या स्टँडवर ते माझ्या आधी येऊन खिडकीजवळची जागा पिशवी टाकून राखत.

“बाय, दोन सीटा धरल्यात. एक तुमची, एक माज्या मिशीची.”

मिशी खरंच मोठी होती, आणि तिचा त्यांना फार अभिमान. आठवडाभर ती पिठाने पांढरी असे; शनिवारी गावी जाताना धुऊन, तेल लावून काळी करत. स्वभावाने बढाईखोर. कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे. चक्की मुंबईवर चालते, हे त्यांचं आवडतं मत. वर घाटाच्या पायथ्याशी वीजघर आहे, तिथून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि बंधाऱ्यावरून कालव्यात. “मुंबईवाल्यांनी पंखं लावलं का आपला दगुड फिरतो. त्यांना वाटतं हवा खातो. आमची भाकर होते!” विद्यार्थ्यांनी दळावं ही योजना पहिल्याच वर्षी संपली होती. विद्यार्थी दळायला नव्हे, न दळावं लागावं म्हणून कॉलेजात येतात, ही गोष्ट संस्थापकांना बद्रीनाथात कुणी सांगितली नव्हती.

पण चक्की चालू राहिली, ती गावच्या बायकांमुळे. विजेच्या गिरणीत पीठ गरम होतं. पाण्यावरचा दगड हळू फिरतो, पीठ थंड पडतं, आणि त्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही वाकते. जवळच्या मोहल्ल्यातल्या एक वयस्क बाई होत्या, सगळे त्यांना खाला म्हणत. त्यांचे दोन्ही मुलगे आखातात. सुट्टी संपवून परत निघाले की त्यांच्या सामानात खालांचं पीठ जायचंच. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून इथेच दळलेलं. खाला आल्या की मामांना चेव यायचा.

“काय गो खाला, पोराला पीठ धाडतेस का पोरासंगं सगली चक्कीच धाडतेस?”

“तुझ्या मिशीत अडकलंय तेवढं झटकून दे मेल्या, एका पोराचं भागंल.”

“मिशीला हात नाय लावायचा. ती सरकारी हाय.”

“सरकारी! म्हणून काम करत नाय व्हय?”

बायका हसत. मामा वरच्या लाकडी पेटीत तांदूळ ओतत आणि भिंतीकडचा दांडा ओढत. बाहेरची फळी उचलली जाई, पाणी पात्यांवर आदळे, दगड घरघरायला लागे. शेजारी दुसरा दांडा होता, वरचा दगड जरासा उचलायचा किंवा टेकवायचा. पेटीतले दाणे संपत आले की मामा बोलणं अर्धं तोडून दोन्ही दांडे एका झटक्यात हलवत. दगड रिकामा फिरू द्यायचा नाही, हा त्यांचा एकच धर्म होता. रिकामा दगड दगडाला खातो, टाकीने काढलेले दात जातात, आणि पुढचं पंधरा दिवसांचं पीठ कचकचतं. एकदा प्राचार्य काही विचारायला आत आले असता मामांनी त्यांना हाताने बाजूला सारून दांडा गाठला होता. प्राचार्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनाही पीठ लागायचं.

आता मामांची नोकरी. सरकार कॉलेजला किती माणसं द्यायची ते ठरवून देतं. त्यात कारकून असतात, शिपाई असतात, प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात परिचर असतात. चक्कीवाला नसतो. त्यामुळे संस्थापकांनी मामांना ग्रंथालय परिचर म्हणून लावलं. पगार ग्रंथालयाचा, काम चक्कीचं. हे गुपित नव्हतं. गुपित ठेवायला ते कुणाला चुकीचंच वाटत नव्हतं. शिवाय मामांचा ग्रंथांशी अगदीच संबंध नव्हता असं नाही. ग्रंथालयाचं छप्पर पहिल्यापासून गळकं. चक्कीचं छप्पर मात्र मचवेवाल्या सुताराने केलेलं, ठणठणीत. म्हणून दर जूनमध्ये, चक्की बंद झाली की पुस्तकं डोक्यावर वाहून चक्कीच्या माळ्यावर आणि दगडांभोवती रचायची, आणि दिवाळीनंतर परत न्यायची. जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि फाटके शब्दकोश परत न्यायचा कंटाळा येई, ते माळ्यावरच राहिले. पावसाळाभर मामा त्यांच्या राखणीला माळ्यावर झोपत. पुस्तकांबद्दलही त्यांचं मत होतं. “पातल पुस्तकाला वाळवी लवकर लागते. लिवायचं तर जाडं लिवावं.”

तर असं बरं चाललं असताना कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला.

संस्थापक तोवर वारले होते. अध्यक्ष झाले होते त्यांचे चिरंजीव. त्यांना भाषणांची आवड होती आणि ते घरीही शाल पांघरून बसतात असं लोक म्हणत. महोत्सवानिमित्त कॉलेजचा इतिहास छापायचा ठरला आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्या सुमारास ग्रंथालय समितीचं कामही माझ्याकडेच होतं. ज्या कामाला भत्ता नाही ते बाईंकडे, अशी आमच्याकडे सोपी पद्धत होती. अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, “मॅडम, पाणचक्कीवर एक स्वतंत्र प्रकरण हवं. मराठेशाहीतली वास्तू. दोनशे वर्षं मूक असलेलं ते चक्र महोत्सवाच्या दिवशी पुन्हा फिरेल, अशी माझी कल्पना आहे.”

“चक्की तुमच्या वडिलांनी बांधली,” मी म्हटलं.

“हो, पण ते सांगण्यात काय मोठं?”

“आणि ती मंगळवारीसुद्धा फिरत होती. मी पीठ आणलंय.”

“मॅडम, तुम्ही इतिहासाच्या. तुम्हाला मी काय सांगावं? लोकांना काहीतरी जुनं लागतं.”

“मग वडिलांचं काय?”

“त्यांचा पुतळा होतोय ना,” अध्यक्ष म्हणाले.

वडिलांनी आयुष्यात केलेली जी एक गोष्ट खरोखर चालत होती, ती मुलगा दुसऱ्याच्या नावावर करत होता आणि बदल्यात त्यांना सिमेंटचे करून फाटकाशी उभे करत होता. मी घरी येऊन खरा इतिहास लिहायला घेतला. बद्रीनाथ, मचवेवाला सुतार, जूनमधलं उद्घाटन, देवळाची शिळा, आणि चाळीसहून अधिक वर्षं चक्की चालवणारे मामा. चांगला उतरत होता. मामांना त्यातला त्यांच्यावरचा भाग एस.टी.त वाचून दाखवावा म्हणून पुढच्या सोमवारी मी कागद बरोबर घेतले. वाटलं, मिशीला पीळ भरतील.

मामांनी नागोठण्यापर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाय, ह्यातलं माजं काडा.”

“का? सगळं खरं आहे.”

“खरं हाय म्हणून तं काडा. मे महिन्यात मी रिटायर. कागद वर गेलेत. त्या पलीकडच्या कॉलेजातला मालीबाबा, कागदावर तो लॅबमंदी. तपासणीवाल्यानं इचारलं, बाबा, लॅबमंदी काय करतोस? तो सांगतो, गुलाब लावतो. आता दोन वर्सं झाली, पेन्शन अडकून पडलीय. त्याला वाटलं, खरं बोललं का देव पावतो.”

मी कागदांची घडी घालून मांडीवर ठेवली.

“तुमी छापाल, मामा रोज चक्की चालवतो. मंग साहेब इचारील, मंग लायब्ररीत कोन होतं? घरचा बंधारा फुटला तो तुमाला म्हाईत हाय. खारं पानी शेतात घुसलं, तिथं आता चिंबोरी फिरतात. मिठागर तं कवाच गेलं. मला दुसरं काय हाय? पेन्शनच.” मग म्हणाले, “अध्यक्ष बोलतो तेच लिवा. दोनशे वर्सं बंद. मराठ्यांची तं मराठ्यांची. माजं काय जातं?”

हा पेच मला कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता. खोटा इतिहास हा मोठ्या माणसांच्या हौसेसाठी असतो असं मी वर्गात शिकवत आले होते. इथे त्याच्या आडोशाला एक म्हातारपण उभं होतं. मी ते प्रकरण बाजूला ठेवलं आणि छापखान्याला सांगितलं की महोत्सवानंतर देते.

महोत्सव फेब्रुवारीत झाला. तेवढं मात्र समिती शिकली होती. मांडव, रांगोळ्या, सनई. येणारे पाहुणे फार मोठे होते, म्हणून ते आले नाहीत. ऐनवेळी प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर शिक्षण खात्याच्या कार्यालयातून आलेल्या साहेबांना बसवलं. किरकोळ अंगाचे, सर्दी झालेले, रुमाल हातात धरून बसलेले गृहस्थ. मामांचे कागद याच साहेबांच्या टेबलावर होते. कारकुनाने मामांना ते सांगितलं आणि मामांचा चेहरा मिशीमागे लहान झाला. त्या दिवशी ते चक्कीपासून शक्य तेवढे लांब, ग्रंथालयाच्या दारात, नवा गणवेश घालून, हातात पुस्तक धरून उभे होते. पुस्तक उलटं होतं. मी सुलटं केलं.

भाषणं झाल्यावर सगळे चक्कीकडे निघाले. परिचरांनी खुर्च्या आणाव्यात असा हुकूम झाला, त्यामुळे मामांनाही यावं लागलं. भिंती गेरूने रंगवलेल्या, दगडावर झेंडूचा हार, दांड्याला रिबीन. दाराशी बायका जमल्या होत्या. त्यांच्यात खाला पुढे. अध्यक्ष म्हणाले, “दोनशे वर्षं हे चक्र मूक होतं. आज ते बोलणार आहे.” साहेबांनी शिंक आवरत रिबीन सोडली आणि दांडा ओढला.

चक्र बोललं. दगड गरगर फिरला, झेंडूचा हार तुटून फुलं चारी बाजूंना उडाली, काही अध्यक्षांच्या शालीवर बसली. आणि दगडाच्या फटीतून पांढरंशुभ्र पीठ भुरुभुरु बाहेर पडू लागलं. आदल्या संध्याकाळी दळण झालं होतं, त्यातलं दगडांत राहिलेलं.

साहेबांनी वाकून चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं. “दोनशे वर्षांचं पीठ,” ते म्हणाले, “आणि ताजं आहे.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, “तो या वास्तूचा गुण आहे.”

“गुन कसला!” खाला बोलून गेल्या. “कालच तं माझा तांदूल...” तेवढ्यात त्यांची नजर खुर्ची धरून उभ्या असलेल्या मामांवर गेली. “मीच दलला. माझ्या हातानं. आमी बायका येतो नि आपापलं दलतो. हितं कोन नसतं.”

“तुम्ही स्वतः चालवता?” साहेबांनी विचारलं.

“व्हय. त्यात काय मोठं? बटन नाय का काय नाय.”

एव्हाना पीठ संपलं होतं आणि दगड रिकामा फिरायला लागला होता. घरघर जाऊन कर्रकर्र सुरू झाली. साहेबांनी कानावर हात ठेवला. “मग बंद करा पाहू.”

खाला पुढे झाल्या. इतकी वर्षं त्यांनी मामांची मिशी नीट पाहिली होती, हात कधी पाहिले नव्हते. त्यांनी धरला तो दुसरा दांडा. वरचा दगड उचलला जाण्याऐवजी खाली टेकला. दगड असा किंचाळला की दाराशी उभी असलेली पोरं पळाली. जळका वास आला, ठिणगी उडाली.

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. खुर्चीच्या पाठीवरची बोटं आवळली होती. त्यांच्या बाजूने बोलायचं तर ते बराच वेळ थांबले. दगड दुसऱ्यांदा किंचाळला आणि खुर्ची खाली पडली. मामांनी प्राचार्यांना डावीकडे, अध्यक्षांना उजवीकडे सारलं, आणि दोन्ही दांडे एका झटक्यात हलवले. पाणी तुटलं. दगड उचलला गेला, दोन फेरे निमूट फिरला आणि थांबला. मामांनी तळहात दगडाच्या कडेवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“ठार मारलास ना गो दगुड!” ते खालांना म्हणाले. मग त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं.

साहेबांनी मामांच्या छातीवरचा बिल्ला वाचला. “ग्रंथालय परिचर?”

“व्हय साहेब.” हे उत्तर त्यांनी पाठ केलेलं होतं.

“तुमचे कागद माझ्याकडे आहेत.”

“व्हय साहेब.”

“ग्रंथालय परिचराला चक्कीचे दांडे माहीत आहेत,” साहेब म्हणाले. त्यांनी तो प्रश्न म्हणून विचारला नव्हता. मामांनी पडलेली खुर्ची उचलून उभी केली. अध्यक्ष छताकडे पाहत होते. प्राचार्य त्यांच्या शालीवरची झेंडूची फुलं वेचू लागले.

“साहेब,” मी म्हटलं, “चक्की ग्रंथालयाकडेच आहे.”

“म्हणजे?”

“वर माळ्यावर पुस्तकं आहेत.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, रुमाल खिशात घातला आणि शिडी चढले. वरून खोकल्याचा आवाज आला, गठ्ठे हलवल्याचा आला. खाली आले तेव्हा गुडघ्यांवर धूळ होती आणि कानाला कोळिष्टक.

“मासिकं आहेत. शब्दकोश आहेत. एक वळकटी आहे.”

“परिचरांची. रात्री राखणीला तेच असतात,” मी म्हटलं.

“पुस्तकं इथे केव्हापासून?”

“ग्रंथालयाचं छप्पर गळायला लागलं तेव्हापासून. म्हणजे छप्पर घातल्यापासून. पावसाळ्यात तर सगळंच ग्रंथालय इथे येतं.”

“म्हणजे हे ग्रंथालय आहे.”

“पावसाळ्यात,” मी म्हटलं. इतकी वर्षं शिकवल्यावर काही सवयी सुटत नाहीत.

“मॅडम, आता कुठला ऋतू चालू आहे ते मी विचारलेलं नाही.” त्यांनी नाक पुसलं. “इतिहास तुम्हीच लिहिताय ना? त्यात हे येऊ द्या. ही वास्तू ग्रंथालयाचा विभाग आहे, एवढंच. छापलेलं असलं की आम्हाला बरं पडतं.”

मग ते खालांकडे वळले. “आणि तांदूळ कुठला तुमचा?”

“घरचा. नेता का थोडं पीठ?”

“नको,” साहेब म्हणाले. “कागद व्हायचेत अजून.”

चक्कीवरचं प्रकरण मी त्या आठवड्यात पुरं केलं. अध्यक्षांना मराठेशाही हवी होती, साहेबांना विभाग, मामांना ते स्वतः त्यात नको होते. मी लिहिलं की ही वास्तू ग्रंथालयाचा दुसरा विभाग म्हणून पूर्वापार वापरात आहे, दारावरची शिळा जुनी आहे, आणि उरलेल्या बांधकामाचा काळ अभ्यासकांनी ठरवावा. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मी लिहिलेल्या मजकुरात इतका निरुपयोगी आणि इतका उपयोगी पडलेला दुसरा नाही. ज्या पानांवर मामा होते ती माझ्याकडे राहिली, आणि आज ती इथे उतरवताना कुणाचं काही अडणार नाही. फलक मात्र अध्यक्षांनी स्वतःच्या मजकुराचा लावला.

मामांची पेन्शन वेळेवर सुरू झाली. पुतळाही झाला. चक्कीवर ‘ग्रंथालय, विभाग दोन’ अशी पाटी लागली, आणि बायका डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन जाताना एकमेकींना सांगू लागल्या, “लायब्ररीत जाऊन येते गो.”

मामांच्या जागी आलेला तरुण ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम करून आला होता. पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं, “मॅडम, माझा विभाग कुठला?” मी पाटी दाखवली. बिचारा दोन दिवस माळ्यावरचे शब्दकोश लावत बसला. मग त्याला दळण जमलं, पण शिकलेलं जाईना. दळणाच्या रांगेत भांडणं होतात म्हणून त्याने बायकांना वाचक-कार्डं दिली. खालांचं कार्ड पहिलं. पुढे कॉलेजची पाहणी करायला समिती आली, तिने अहवालात परिसरातल्या स्त्री-वाचकांच्या लक्षणीय संख्येबद्दल समाधान नोंदवलं.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मामा एकदा आले. नातीचं लग्न होतं, पीठ हवं होतं. धरमतरपासून दोन पिशव्या तांदूळ आणि काळीकुळकुळीत मिशी घेऊन. आत गेल्या गेल्या त्यांनी दगडाला हात लावून पाहिला आणि टाकी नीट लागलेली नाही असं जाहीर केलं. मग रांग तोडून पुढे झाले. तो तरुण त्यांना ओळखत नव्हता.

“काका, कार्ड?”

“कसलं कार्ड?”

“वाचकाचं. कार्डाशिवाय दळण होत नाही.”

“ए भल्या मानसा, मी हितला लायब्ररीवाला हाय! पहिल्यापासनं!”

“लायब्ररीवाला असून कार्ड नाय?” रांगेतून खाला म्हणाल्या. “मंग इतकी वर्सं करत काय होतास रे?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पाळी आल्यावर तरुणाने कोरं कार्ड काढलं, नाव विचारून लिहिलं, गाव लिहिलं.

“धंदा?”

मामांनी मिशीवरून हात फिरवला. रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले,

“लिव. पेन्शनर.”